कॅल्शियम वाढलं, पण ते आयपी३ मुळेच का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेत एक आलेख दर वर्षी माझ्यासमोर येतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर फ्लुरोसन्स, म्हणजे कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाची चमक. साठाव्या सेकंदाला हिस्टामिन टाकलेलं, आणि तिथून रेघ सरळ वर. खाली ओळ: 'आयपी३ मार्ग कार्यान्वित झाला.' आयपी३ म्हणजे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवणारा निरोप्या रेणू. मी विचारतो, "आयपी३ मोजलंत का?" मुलं एकमेकांकडे बघतात. मोजलेलं असतं कॅल्शियम.

त्या आलेखापासून त्या ओळीपर्यंत जायला निदान पाच-सहा प्रयोग लागतात. ते कोणते, कोणत्या क्रमाने करायचे आणि कुठे पाय घसरतो, ते इथे लिहितो आहे. तुम्हाला पेशी वाढवता येतात, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक हाताशी आहे आणि गाइडने 'इनॉसिटॉल फॉस्फेट सिग्नलिंग' असं शीर्षक देऊन सोडून दिलंय, असं धरून चालतो.

आधी कासव ओळखा

इनॉसिटॉल म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल. पेशीत जो प्रकार मुख्यतः असतो, त्या मायो-इनॉसिटॉलमध्ये पाच हायड्रॉक्सिल कड्याच्या बाजूंना पसरलेले असतात आणि एकच वर उभा असतो. बर्नार्ड अग्रानॉफ या शास्त्रज्ञाने याला कासवाची उपमा दिली, आणि आपल्याकडे तर देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कासव असतंच. त्याच्या शेपटीकडे उभे राहा. उचललेलं डोकं म्हणजे तो एकटा उभा हायड्रॉक्सिल, क्रमांक २. उजवा पुढचा पाय क्रमांक १. तिथून प्रदक्षिणेच्या उलट दिशेने मोजायचं: डोकं २, डावा पुढचा पाय ३, डावा मागचा ४, शेपटी ५, उजवा मागचा ६.

आता इनॉसिटॉल १,४,५-ट्रायफॉस्फेट डोळ्यांपुढे आणा. उजव्या पुढच्या पायावर, डाव्या मागच्या पायावर आणि शेपटीवर एकेक फॉस्फेट. कॅल्शियम सोडवणारा आयपी३ तो हा. पेशीत १,३,४-ट्रायफॉस्फेटही तयार होतो. फॉस्फेट तीनच, नावातला आकडा तोच, पण कॅल्शियम सोडवायच्या कामी त्याचा उपयोग नाही. फॉस्फेट किती, यापेक्षा ते कोणत्या पायावर बसलेत हे महत्त्वाचं. जुन्या पद्धतीने कॉलमवर वेगळा केलेला 'आयपी३' हा पुष्कळदा या दोघांचं मिश्रण असतो. परीक्षेत हे सांगणारं मूल भेटलं की मला पुढचे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत.

रेणूचा प्रवास: कागदावर एकदा काढूनच घ्या

पेशीच्या पडद्याच्या आतल्या थरात पीआयपी२ नावाचा मेदरेणू असतो, म्हणजे ग्लिसरॉलच्या टोकाला बांधलेलं कासव. दोर बांधलेला असतो क्रमांक १ च्या फॉस्फेटमधून. ४ आणि ५ वर मोकळे फॉस्फेट. हिस्टामिन, अ‍ॅसिटिलकोलिन यांसारखा निरोप बाहेरून आला की रिसेप्टर, म्हणजे तो निरोप ओळखणारं पडद्यातलं प्रोटीन, जीक्यू हे आतलं जी-प्रोटीन जागं करतो आणि ते फॉस्फोलायपेज सी-बीटा या कापणाऱ्या एन्झाइमला कामाला लावतं. वाढीचे घटक आले तर बहुधा फॉस्फोलायपेज सी-गॅमा. एन्झाइम वेगळं, कात्री चालते ती एकाच जागी: ग्लिसरॉल आणि फॉस्फेटच्या मधोमध. त्यामुळे क्रमांक १ चा फॉस्फेट कासवासोबत सुटतो आणि १,४,५ मोकळा होऊन सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात, निघतो. मागे पडद्यात राहतं डायअसिलग्लिसरॉल. ते प्रोटीन कायनेज सीला हाक मारतं.

आयपी३ पोचतो पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावर, म्हणजे एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, यापुढे ईआर. तिथला आयपी३ रिसेप्टर हा स्वतःच कॅल्शियमची वाहिनी आहे. चार उपएककं, प्रत्येकात साधारण २,७०० अमिनो आम्लं. चारही उपएककांवर आयपी३ बसल्याशिवाय दार उघडत नाही, हे २०१६ मध्ये डेव्हिड यूल यांच्या गटाने दाखवलं. शिवाय या दाराला कॅल्शियमही हवं असतं: थोडं असेल तर दार सहज उघडतं, फार झालं तर मिटतं. पेशीतलं कॅल्शियम एकदा चढून थांबण्याऐवजी लाटांसारखं वर-खाली का होतं, याचं बरंचसं उत्तर या एका स्वभावात आहे.

आकडे मनात ठेवा. विश्रांतीत सायटोसोलमधलं मुक्त कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर. पेशीबाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटीहून जास्त. आतून ईआर आणि बाहेरून अख्खा समुद्र, दोन्हीकडून कॅल्शियम टपून बसलेलं असतं. म्हणून 'कॅल्शियम वाढलं' या वाक्यातला पहिला प्रश्न 'कुठून?' हा.

मग आयपी३ जातो कुठे? दोन वाटा. एका वाटेवर ५-फॉस्फटेज शेपटीवरचा फॉस्फेट काढतं आणि १,४-बिसफॉस्फेट उरतो. दुसऱ्या वाटेवर ३-कायनेज डाव्या पुढच्या पायावर आणखी एक चढवतं आणि १,३,४,५-टेट्राकिसफॉस्फेट होतो. त्याची शेपटी ५-फॉस्फटेजने मोकळी केली की तो मघाचा निरुपयोगी १,३,४ तयार. पुढे एकेक फॉस्फेट गळत शेवटी इनॉसिटॉल मोनोफॉस्फेट उरतो, आणि इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज त्याचं पुन्हा साधं इनॉसिटॉल करतं. या शेवटच्या एन्झाइमला लिथियम अडवतं. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनियाच्या रुग्णांवर वापरलेलं तेच लिथियम. त्याचा मनावरचा परिणाम या एन्झाइममुळेच होतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याला मात्र लिथियम लागणार आहे ते प्रयोगातला बांध म्हणून. सहाव्या पायरीवर त्याचं काम येईल.

इतिहास दोन ओळींत. १९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन यांनी कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांना अ‍ॅसिटिलकोलिन दिलं, तेव्हा किरणोत्सारी फॉस्फरस मेदरेणूंमध्ये भराभर शिरताना दिसला. १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी त्याचा संबंध कॅल्शियमशी जोडला, आणि १९८३ मध्ये श्ट्रेब, अर्व्हाइन, बेरिज आणि शुल्त्स यांनी स्वादुपिंडाच्या पेशींना छिद्रं पाडून, आत आयपी३ घालून, कॅल्शियम बाहेर पडताना पाहिलं. संबंध सुचणं आणि तो सिद्ध होणं यात आठ वर्षं गेली, आणि तो सिद्ध झाला तो आयपी३ स्वतःच्या हाताने घातल्यावर.

पायरी १: पेशी आणि निरोप निवडा

सुरुवातीला हेला पेशी आणि हिस्टामिन ही जोडी घ्या. हेला या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी; त्यांत हिस्टामिन ओळखणारा एच१ रिसेप्टर मुळातच असतो, बाहेरून जनुक घालायची गरज नाही. पूर्ण प्रतिसादासाठी १०० मायक्रोमोलर. लाटा बघायच्या असतील तर १ ते ३ मायक्रोमोलर. दुसरा सोपा पर्याय एचईके-२९३ पेशी आणि कार्बाकोल, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनसारखं काम करणारं औषध.

एटीपी घेऊ नका, निदान पहिल्यांदा नको. स्वस्त आहे, प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये आहे, म्हणून मुलं तेच उचलतात. पण एटीपी दोन जातींच्या रिसेप्टरवर बसतो. पी२वाय हा जीक्यूमार्गे आयपी३ बनवतो. पी२एक्स ही सरळ पडद्यातली वाहिनी आहे, ती उघडली की बाहेरचं कॅल्शियम धाडकन आत. आलेख दोन्हीकडे वरच जातो. दुसऱ्या प्रकारात आयपी३चा काही संबंध नाही.

पहिला कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा प्रयोग, इथेच लावा. हिस्टामिनआधी पाच मिनिटं १ मायक्रोमोलर मेपिरामिन द्या. आपण सर्दीला घेतो त्या सेटिरिझिनच्याच कुळातलं, एच१ अडवणारं औषध. प्रतिसाद नाहीसा झाला तर निदान दार तरी बरोबर ठोठावलं हे कळतं. नाहीसा नाही झाला, तर तुमचं हिस्टामिन नव्हे, त्याच्या द्रावणाचा पीएच किंवा पिपेटचा धक्का पेशींना जाणवतोय.

पायरी २: डाय भरा, आणि घाई करू नका

फ्युरा-२ हा रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये आणलेला डाय आजही मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो गुणोत्तर देतो. कॅल्शियम बसलेला फ्युरा ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जास्त चमकतो, मोकळा ३८० ने. दोन्ही वेळा प्रकाश ५१० च्या आसपास गोळा करायचा. पेशी जाड-पातळ असली किंवा डाय कमी-जास्त भरला गेला, तरी गुणोत्तरात ते बरंचसं कटतं.

पेशीबाहेरचं द्रावण असं: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड १, कॅल्शियम क्लोराइड १.८, ग्लुकोज १०, हेपीस १०, सगळे मिलिमोलर; पीएच ७.४. त्यात फ्युरा-२ एएम २ ते ५ मायक्रोमोलर आणि ०.०२ टक्के प्लुरॉनिक, डाय पाण्यात विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ. आधी डाय आणि प्लुरॉनिक एका ट्यूबमध्ये नीट मिसळा, मग द्रावण ओता. उलट केलंत तर डायचे कण पेशींवर बसतात आणि चित्रात ठिपके दिसतात.

अंधारात ३० ते ४५ मिनिटं. मग धुवा आणि आणखी २० ते ३० मिनिटं तशाच ठेवा. हा दुसरा अर्धा तास सगळे खातात. एएम म्हणजे डायवर चढवलेला एस्टरचा अंगरखा. तो असेपर्यंत डाय पडद्यातून आत जातो, पण कॅल्शियम ओळखत नाही. आतली एस्टरेज तो अंगरखा उतरवतात, त्याला वेळ लागतो. सीरम असलेल्या माध्यमात डाय भरू नका, कारण सीरममधली एस्टरेज हेच काम बाहेर करून टाकतात आणि उघडा डाय आत शिरत नाही. खोलीचं तापमान की ३७ अंश? ३७ ला डाय ईआर आणि इतर कप्प्यांत जास्त शिरतो आणि बाहेरही लवकर गळतो, म्हणून मी खोलीच्या तापमानाला भरतो. गळती फारच असेल तर १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड.

पायरी ३: बाहेरचं कॅल्शियम काढा

हा कंट्रोल नसेल तर पुढचं काही वाचू नये असं मी परीक्षक म्हणून मानतो. तेच द्रावण, कॅल्शियम क्लोराइड नाही आणि १ मिलिमोलर ईजीटीए, जे उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवतं. हिस्टामिनच्या एक-दोन मिनिटं आधीच हे द्रावण द्या. त्याहून जास्त वेळ ठेवलंत तर ईआरमधला साठा हळूहळू रिकामा होतो आणि पेशी कव्हरस्लिपवरून, म्हणजे त्या वाढवलेल्या पातळ काचेवरून, सुटायला लागतात.

आता आलेख नीट बघा. कॅल्शियम असताना दोन भाग दिसतात: आधी उंच शिखर, मग पठार. कॅल्शियम काढल्यावर शिखर राहतं, पठार जातं. शिखर ईआरचं, पठार बाहेरचं. बाहेरचं कॅल्शियम येतं कसं? ईआर रिकामं झालं की त्याच्या पडद्यातलं स्टिम१ हे जाणतं आणि पेशीच्या पडद्यातली ओराय१ वाहिनी उघडायला लावतं. ही जोडी २००५ आणि २००६ मध्ये सापडली. म्हणजे पठारही आयपी३मुळेच, पण आडवळणाने. दोन्ही भाग एकाच सरासरीत टाकून 'प्रतिसाद ४० टक्क्यांनी कमी झाला' असं लिहिणं म्हणजे भात आणि वरण एकत्र तोलून तांदळाचा भाव सांगण्यासारखं आहे.

शिखरही गेलं तर? मग तुमचा प्रतिसाद मुळात बाहेरूनच येत होता, आणि शीर्षक बदलायची वेळ आली.

पायरी ४: साठा आधीच रिकामा करा

थॅप्सिगार्गिन ईआरचा पंप, म्हणजे सर्का, बंद करतं. पंप बंद झाला की नेहमीची गळती भरून निघत नाही आणि ईआर काही मिनिटांत रिकामं होतं. बिनकॅल्शियमच्या द्रावणात १ मायक्रोमोलर द्या. आलेख सावकाश चढेल, सावकाश उतरेल. मग हिस्टामिन द्या. काहीच व्हायला नको.

हे औषध हातमोजे घालून हाताळा, आणि त्याची नळी वेगळी ठेवा. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी सलग आठ दिवस हेला पेशींनी हिस्टामिनला प्रतिसाद देणं बंद केलं. नवीन हिस्टामिन आणलं, नवीन पेशी वितळवल्या, मेपिरामिन चुकून कशात पडलं का म्हणून सगळे बफर ओतून दिले. शेवटी एका सीनियरताईंनी येऊन परफ्युजनची, म्हणजे पेशींवरून द्रावण वाहवणारी, सिलिकॉनची नळी बोटांत धरली आणि विचारलं, "यातून थॅप्सी गेलंय का रे?" गेलं होतं, आठवड्यापूर्वी. हे औषध तेलकट. नळीला चिकटून बसतं आणि प्रत्येक नव्या कव्हरस्लिपला थोडं थोडं मिळत राहतं. तेव्हापासून माझ्या सेटअपवर लाल टेप लावलेली एक नळी असते. ती फक्त याच औषधाची आणि दिवसाच्या शेवटच्या प्रयोगाची.

पायरी ५: अडवणारी औषधं, आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा

इथपर्यंत सिद्ध झालं ते एवढंच: कॅल्शियम ईआरमधून आलं. आयपी३चं नाव अजून घेता येत नाही. रायनोडिन रिसेप्टर ही कॅल्शियमची दुसरी वाहिनीही ईआरवरच असते.

शोधनिबंधांत सर्वांत जास्त वापरलेलं औषध यू-७३१२२, फॉस्फोलायपेज सी अडवतं म्हणून. मला ते आवडत नाही. ते प्रोटीनमधल्या थायॉल गटांना चिकटतं, कधी स्वतःच ईआरमधून कॅल्शियम सोडतं, आणि मग 'हिस्टामिनचा प्रतिसाद गेला' असं दिसतं, कारण साठा आधीच रिता झालेला. वापरायचंच असेल तर त्याचा निष्क्रिय जोडीदार यू-७३३४३ सोबत हवा, आणि औषध दिल्या क्षणापासून नोंद चालू हवी. औषध देऊन चहाला जाऊन आल्यावर नोंद सुरू केलीत तर नेमकी हीच चूक लपते.

२-एपीबी आयपी३ रिसेप्टर अडवतं, आणि स्टिम-ओरायची वाटही, आणि इतर काही वाहिन्याही. झेस्टोस्पॉन्जिन सी सर्कालाही त्रास देतं. हेपारिन चांगलं आहे, पण पडद्यातून आत जात नाही, सुईने आत घालावं लागतं. कॅफीन मिलिमोलर मात्रेत आयपी३ रिसेप्टर अडवतं आणि रायनोडिन रिसेप्टर उघडतं, म्हणजे दोन्ही टोकांना गोंधळ.

त्यापेक्षा वरच्या टोकाला अडवा. वायएम-२५४८९० किंवा एफआर९००३५९ ही दोन औषधं जीक्यूच बंद करतात आणि बरीच नेमकी आहेत. महाग आहेत, पण थोडंसं पुरतं. आणि सगळ्यांत स्वच्छ उत्तर जनुकाचं: आयपी३ रिसेप्टरचे तिन्ही प्रकार काढून टाकलेल्या एचईके पेशी. त्यांत कार्बाकोलने कॅल्शियम हललं नाही आणि एक प्रकार परत घातल्यावर हललं, तर वाद संपला. अख्ख्या प्राण्यातही हाच तर्क चालतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत गैती हसन यांच्या गटाने फळमाशीत या रिसेप्टरच्या जनुकात बिघाड केला, तर माश्यांना नीट उडता येईना. चेतापेशींत ते जनुक परत दिल्यावर उड्डाण सुधारलं.

पायरी ६: आता आयपी३ मोजा

आयपी३ काही सेकंदांतच तुटायला लागतो, म्हणून थेट मोजणं अवघड. तीन वाटा आहेत.

पहिली जुनी आणि कष्टाची. ट्रिटियम लावलेलं इनॉसिटॉल पेशींना २४ ते ४८ तास खाऊ घालायचं, माध्यम बिनइनॉसिटॉलचं. प्रयोगाआधी १० ते १५ मिनिटं १० मिलिमोलर लिथियम क्लोराइड, म्हणजे बांध घातला. मग अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे हिस्टामिनसारखा निरोप, आम्लाने पेशी फोडणं, ऋणभारित रेणू पकडणाऱ्या रेझिनच्या कॉलमवर ओतणं आणि अमोनियम फॉर्मेटची ताकद वाढवत वाढवत एकेक गट बाहेर काढणं. मघाचं कासव इथे आठवा: साध्या रेझिनवर १,४,५ आणि १,३,४ एकत्र येतात, वेगळे करायला एचपीएलसी, म्हणजे जास्त बारकाईने वेगळं करणारं यंत्र, लागतं. शिवाय किरणोत्सारी काम म्हणजे एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, नोंदवह्या, वेगळी खोली. वाशीच्या ब्रिट या किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी संस्थेतून माल आणायची सवय असलेल्या लॅबमध्येच हे करा.

दुसरी वाट आयपी१ मोजायची. लिथियमने शेवटचं एन्झाइम अडवलं की इनॉसिटॉल मोनोफॉस्फेट साचत जातो, आणि तो अँटीबॉडीवर आधारित किटने ३८४ खळ्यांच्या प्लेटमध्ये मोजता येतो. सिग्नल उलटा असतो: साचलेला आयपी१ जास्त, तर किटमधली चमक कमी. लिथियम घालायला विसरलात तर काहीच साचत नाही आणि औषध निकामी आहे असं वाटतं. ही पद्धत अर्ध्या-एक तासाची बेरीज सांगते. पहिल्या दहा सेकंदांत काय झालं, ते तिला कळत नाही.

तिसरी वाट डोळ्यांना सुखावणारी. फॉस्फोलायपेज सी-डेल्टा१ चा पीएच डोमेन (हा पीएच आम्लतेचा नव्हे, प्रोटीनच्या एका तुकड्याचं नाव आहे) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनला जोडून पेशीत घाला. विश्रांतीत तो पीआयपी२ला धरून पडद्यावर बसतो, पेशीभोवती हिरवी कड दिसते. हिस्टामिन दिलं की पीआयपी२ कापला जातो, वर हा डोमेन आयपी३लाच जास्त घट्ट धरतो, त्यामुळे कड विरघळते आणि पोट हिरवं होतं. निरोप थांबला की कड परत येते. दोन सावधगिऱ्या. जीएफपी आणि फ्युरा-२ दोघेही ५१० च्या आसपासच चमकतात, म्हणून सोबत कॅल्शियमसाठी लाल डाय घ्या. आणि सर्वांत चकचकीत पेशी निवडू नका: डोमेन फार झाला तर तोच आयपी३ शोषून घेतो आणि तुम्ही मोजायला गेलेली गोष्ट मोजमापानेच कमी होते. अंधुक, किंचित कंटाळवाण्या दिसणाऱ्या पेशी खऱ्या असतात.

पायरी ७: स्वतःच्या हाताने आयपी३ घाला

१९८३ च्या प्रयोगाची ही घरगुती आवृत्ती. छिद्रं पाडण्याऐवजी पिंजऱ्यात बंद, पडदा ओलांडणारा आयपी३ मिळतो. पेशीत भरा, अतिनील प्रकाशाचा क्षणभर झोत द्या, पिंजरा तुटतो. रिसेप्टर नाही, जीक्यू नाही, फॉस्फोलायपेज नाही. तरी कॅल्शियम वाढलं तर खालची अर्धी साखळी शाबूत.

यासोबत फ्युरा-२ चालणार नाही. त्याचा ३४० आणि ३८० चा प्रकाशच पिंजरे फोडत राहील आणि तुम्ही बटण दाबायच्या आधी पेशी नाचायला लागतील. फ्लुओ-४ सारखा ४८८ ने चमकणारा डाय घ्या. रिकामा झोतही द्या, पिंजरा न भरलेल्या पेशींवर. अतिनील प्रकाश स्वतःही पेशींना डिवचतो.

पायरी ८: आकडेमोड

गुणोत्तराचं कॅल्शियममध्ये रूपांतर करायचं सूत्र असं: केडी गुणिले बीटा गुणिले (आर वजा आर-किमान) भागिले (आर-कमाल वजा आर). इथे आर म्हणजे मोजलेलं गुणोत्तर, केडी म्हणजे ज्या कॅल्शियमला निम्मा डाय भरलेला असतो ती पातळी, आणि बीटा म्हणजे ३८० ला मोकळ्या डायची चमक भागिले भरलेल्याची. आर-कमालसाठी आयोनोमायसिन (कॅल्शियमला पडदा ओलांडू देणारं औषध) आणि भरपूर कॅल्शियम, आर-किमानसाठी आयोनोमायसिन आणि ईजीटीए. ईजीटीए कॅल्शियम पकडताना आम्ल सोडतं, त्याचा पीएच पुन्हा तपासा. फ्युराचा केडी ३७ अंशाला साधारण २२४ नॅनोमोलर, खोलीच्या तापमानाला १४५ च्या आसपास. तापमान एक आणि केडी दुसऱ्याचा, ही चूक छापील निबंधांतही दिसते. खरं सांगायचं तर बहुतेक प्रश्नांना नुसतं गुणोत्तर पुरतं, आणि वाईट कॅलिब्रेशनपेक्षा प्रामाणिक गुणोत्तर बरं.

एका कव्हरस्लिपवर एकच मात्रा द्या. रिसेप्टर थकतात, दुसरा प्रतिसाद नेहमी लहान येतो. आणि एका कव्हरस्लिपवरच्या ६० पेशी म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर ६० नव्हे, एन बरोबर १. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या, म्हणजे वाटून वाढवण्याच्या वेगवेगळ्या फेरीतल्या, पेशींवर करा. ताऱ्यांचा पाऊस पाडणारी पी-किंमत याने बऱ्याचदा जमिनीवर येते. सरासरीच्या गुळगुळीत रेघेशेजारी चार-पाच एकेकट्या पेशींच्या रेघा जरूर छापा. लाटा फक्त तिथेच दिसतात, कारण प्रत्येक पेशीची लाट वेगळ्या वेळी येते आणि सरासरीत सगळ्या पुसल्या जातात.

आयपी३च्या पुढचे

कासवाच्या सहाही जागा भरल्या की होतो आयपी६, म्हणजे फायटिक आम्ल. याला निव्वळ 'संदेशवाहक' म्हणणं मला पटत नाही. तो पुष्कळ ठिकाणी प्रोटीनच्या पोटात खिळ्यासारखा बसलेला असतो. आरएनए संपादन करणाऱ्या एडीएआर२ या एन्झाइमच्या आत तो सापडला, वनस्पतींच्या ऑक्झिन रिसेप्टरमध्ये सापडला, आणि एचआयव्ही विषाणू आपल्या पेशीतलाच आयपी६ पळवून स्वतःचं कवच घट्ट करतो. आयपी६ वर आणखी फॉस्फेट चढला की एकाच पायावर दोन, म्हणजे पायरोफॉस्फेट: आयपी७, आयपी८. आयपी७ आपला फॉस्फेट प्रोटीनवर आधीच बसलेल्या फॉस्फेटला देऊ शकतो. हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत रश्ना भंडारी यांचा गट यावर बरीच वर्षं काम करतोय.

यांच्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शक लागत नाही, जेल लागतं. पेशी परक्लोरिक आम्लात थंडच फोडा, टायटॅनियम डायऑक्साइडच्या मण्यांवर फॉस्फेट पकडा, पातळ अमोनियाने सोडवा, वाळवा, आणि ३३ ते ३५ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर ऑरेंज जी या खुणेच्या रंगासोबत चालवा. टोलुइडिन ब्लूने रंगवल्यावर आयपी६ चा जांभळट पट्टा दिसतो, नशीब असेल तर त्याच्या किंचित वर आयपी७. कमी फॉस्फेटवाले रेणू या जेलवर नीट दिसत नाहीत, आयपी३ इथे शोधू नका.

हात बसवायला पेशी वाया घालवू नका, मटकी घ्या. सुक्या कडधान्यात फायटेट भरपूर असतं आणि मोड येताना फायटेज ते तोडत जातं. कोरडी, रात्रभर भिजवलेली, एक दिवस आणि दोन दिवस मोड आलेली, असे चार नमुने एका जेलवर लावा. फक्त ओल्या वजनावर मोजू नका. दाणे मोजून घ्या किंवा वाळवून वजन करा, नाहीतर मटकीने प्यायलेलं पाणीच फायटेट खाल्ल्यासारखं दिसेल.